सव्वा महिना थांबू नका

*ताई, आम्ही चोपडा तालुक्यातले. मुलगा सुरतेला लूमवर कामाला आहे. सुनेला आई नाही, म्हणून पहिलंच बाळंतपण असूनही आमच्याकडेच केलं. अठरा दिवसांपूर्वी मुलगा झाला. वजन चांगलं आहे, दूध ओढतो, पण दोन्ही पावलं आत वळलेली, तळवे एकमेकांकडे बघतात. सोडताना डॉक्टर म्हणाले, लगेच प्लास्टर सुरू करा. सून म्हणते आजच जाऊ. मी म्हटलं सव्वा महिना होऊ दे, ओली बाळंतीण आणि एवढंसं लेकरू एसटीत कुठे न्यायचं? आमच्याकडे अंगाला लावायला बाई येतात, त्या म्हणतात मी चोळून सरळ करून देते, ‘व्हई जाई बरं’. शेजारच्या म्हणतात पोटुशी असताना ग्रहणात भाजी चिरली म्हणून असं झालं. ते ऐकून सून रडते. इतक्या कोवळ्या हाडाला प्लास्टर सोसेल का? आणि माझ्या लेकीचा शहाद्याचा मुलगा पावणेदोन वर्षांचा आहे, त्याचे पाय गुडघ्यात बाहेर वाकलेत. आमच्या घरालाच पायाचा दोष आहे का?*
*– एक आजी*

मावशी,

तुमच्या सुनेचं बरोबर आहे. या आठवड्यातच लेकराला घेऊन जा. पत्र छापून तुमच्या हातात पडेपर्यंत बाळ महिन्याचं होत आलेलं असेल, म्हणून हे पहिल्याच ओळीत सांगते. बाकीचं सावकाश वाचा.

तुम्ही वर्णन केलंय त्याला डॉक्टर क्लबफूट म्हणतात. हजारात एखाद्या बाळाला हे असतं. मुलींपेक्षा मुलांत साधारण दुप्पट, आणि निम्म्या बाळांमध्ये दोन्ही पावलांना. आपल्याकडे अशी बाळं दिसत नाहीत, कारण कोणी आलं की पावलांवर दुपटं ओढलं जातं. पाऊल चार ठिकाणी अडकलेलं असतं: मधली कमान जास्त खोल, पुढचा भाग आत, टाच आत आणि टाच वर ओढलेली. घोट्याच्या आतल्या बाजूचे बंध आणि टाचेमागची जाड शीर (रक्ताची नव्हे, पोटरीच्या स्नायूची दोरी) आखूड आणि ताठ असते, ती पावलाला सरळ होऊच देत नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न, कोवळं हाड. उलट तेच तर आपल्या बाजूचं आहे. नव्या बाळाच्या पावलातली बरीचशी हाडं अजून हाडं झालेलीच नसतात, नुसती कूर्चा असते, आणि बंधही ताणले जातात. डॉक्टर जन्मापासून पहिल्या एकदोन आठवड्यांत सुरुवात करा म्हणतात ते यासाठीच. त्यांना घाई झालेली नसते किंवा बिल वाढवायचं नसतं. सव्वा महिन्याने गेलात तर काही बिघडून जाईल असं नाही, पाय तेव्हाही सरळ होतो. पण जे सोप्यात होणार आहे ते अवघड का करायचं? (हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या घरी वर्षाचं, दोन वर्षांचं लेकरू पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालत असेल, तर त्यांनीही ‘आता काय उपयोग’ म्हणून बसू नये. प्लास्टरं जास्त लागतात, एवढंच.)

सव्वा महिन्याच्या रिवाजाला मी नावं ठेवत नाही. बाळंतिणीला अंथरूण, गरम अन्न, शेक मिळावा आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या खोकल्यापडशापासून लेकरू लांब राहावं, यात शहाणपण आहे. पण बीसीजीचं इंजेक्शन आणि पोलिओचा पहिला डोस कोणी सव्वा महिना थांबवत नाही. हेही तसंच धरा. सुनेला न शिवता लांब बसवतात तसं नको, तर खिडकीची सीट आणि मांडीवर लेकरू द्या. टोपडं घाला, पदर घ्या आणि निघा.

मालिशवाल्या बाईंबद्दल. त्यांना काढून टाका असं मी म्हणणार नाही. तेल लावणं, हातापायाला हलक्या हाताने चोळणं, पायावर घेऊन न्हाऊ घालणं, यानं बाळाला बरं वाटतं आणि सुनेला तासभर झोप मिळते. फक्त पावलाला त्यांचा हात नको. घोटा धरून पाऊल जोरात वर दाबलं की टाच जागची हलत नाही आणि पाऊल मधेच वाकतं. वरून सरळ झाल्यासारखं दिसतं, तळवा मात्र फुगीर होतो, आणि मग डॉक्टरचंही काम वाढतं. खपच्या बांधणं, पट्टी आवळणं, हाडवैद्याकडून ‘बसवून’ आणणं, सगळं याच हिशेबात. आणि एक जास्तीचं सांगते, कारण आपल्याकडे हे सर्रास चालतं: न्हाऊ घातल्यावर बाळाला घोट्याला धरून उलटं लोंबकळवणं बंद करा. कोणाच्याच बाळाला करू नका, पाय वाकडे असोत वा सरळ.

तिथे गेल्यावर काय होतं ते सांगते, म्हणजे धसका जाईल. आधी डॉक्टर पाऊल हातात घेऊन बघतील. काही बाळांचं पाऊल पोटात दाटीत राहिल्यामुळे नुसतं वळलेलं असतं, बोटाने हलकं ढकललं की पूर्ण सरळ होतं. तसं असेल तर प्लास्टर लागतही नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून तसं वाटत नाही, पण हात लावून बघितल्याशिवाय पक्कं सांगता येत नाही. मग ते दोन गोष्टी नक्की बघतील. नसतील बघत तर तुम्ही विचारा. एक, पाठीच्या खालच्या टोकाला खळगा, केसांचा झुपका किंवा गाठ आहे का. कधी कधी पायाचं मूळ मणक्यात असतं. दुसरं, खुबे. मांड्या दोन्ही बाजूंना सारख्या उघडतात का, सांध्यातून खट्‌ होतं का.

मग प्लास्टर. मी स्वतः लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे, ही खोली मला रोजची. बाळाला उपाशी नेतात, म्हणजे अगदी उपाशी नाही, दुधाची वेळ झालेली असताना. आई टेबलाजवळ बसून पाजते आणि तेवढ्यात डॉक्टर पायाशी काम करतात. एक अंगठा पावलाच्या बाहेरच्या उंचवट्यावर टेकवलेला असतो, दुसऱ्या हाताने पाऊल हळूहळू बाहेर फिरवायचं, जेवढं सहज येतं तेवढंच, मिनिटभर धरायचं. खापरावरचे मांडे हातावर वाढवताना जसा जोर लावला की फाटतात आणि वेळ दिला की आपोआप लांबतात, तसंच हे. मग कापूस गुंडाळून प्लास्टर, बोटांपासून थेट मांडीच्या वरपर्यंत, गुडघा काटकोनात वाकवून. घोट्यापुरतं किंवा गुडघ्याखाली प्लास्टर घालून देत असतील तर विचारा, का. आखूड प्लास्टर बाळाच्या पायातून सटकतं आणि आत पाऊल परत वळतं. प्लास्टर घट्ट होताना जरा कोमट लागतं, बाळ दचकतं, मग बहुतेकदा पुन्हा दूध ओढायला लागतं. रडतं ते धरून ठेवल्याचं, दुखल्याचं कमी.

आठवड्याने ते काढून नवं घालायचं. दर वेळी पाऊल थोडं पुढे आलेलं दिसतं. तिसऱ्या प्लास्टरनंतर घरातल्यांचा चेहरा बदलतो, हे मी कितीदा बघितलंय. साधारण पाच ते सात प्लास्टरं लागतात. शेवटी टाच अजून वर ओढलेली राहते. दहातल्या आठनऊ बाळांत ती टाचेमागची शीर बारीक सुरीने सोडवावी लागते. हे ऐकून घाबरू नका. जागा बधिर करतात, छेद काही मिलिमीटरचा, बहुतेक ठिकाणी टाकासुद्धा घालत नाहीत. मग शेवटचं प्लास्टर तीन आठवड्यांचं. तेवढ्यात शीर नव्या लांबीवर पुन्हा जुळून येते.

ही रीत डॉ. इग्नासिओ पॉन्सेटी यांची. जन्म १९१४, मूळचे स्पेनमधले, पुढे अमेरिकेत आयोवाला गेले. त्यांनी ती १९४० च्या दशकाच्या शेवटी बसवली आणि १९६३ मध्ये लिहून मांडली. पण बहुतेक सर्जन त्यानंतरही कित्येक वर्षं मोठी ऑपरेशनंच करत राहिले. त्यात पाऊल सरळ व्हायचं, पण मोठेपणी ताठ आणि दुखरं. १९९० च्या दशकात आईबापच एकमेकांना इंटरनेटवरून सांगू लागले, तेव्हा जग वळलं. म्हणून जर कोणी तुम्हाला पहिल्याच भेटीत ‘सहा महिन्यांनी मोठं ऑपरेशन करू’ म्हणालं, तर तिथे न थांबता दुसरीकडे दाखवा.

प्लास्टर असताना घरी रोज बोटं बघायची, हे काम तुम्ही अंगावर घ्या. बोटं गुलाबी आणि कोमट हवीत. अंगठा दाबला की पांढरा पडतो आणि सोडला की लगेच गुलाबी होतो, हे दिवसातून चारदा बघा. काळीनिळी, पांढरीफटक, गार किंवा सुजलेली दिसली, बाळ कशानेच शांत होत नसलं, प्लास्टरमधून वास आला, तर त्याच दिवशी जा, आठवडा पुरा व्हायची वाट नको. बोटं आत आत जाऊन दिसेनाशी झाली म्हणजे प्लास्टर सटकलं, तेही काढून घ्यायचं. अंघोळ नाही, ओल्या फडक्याने अंग पुसा. लंगोट प्लास्टरच्या काठाबाहेर राहील असा बांधा आणि वारंवार बदला. आत पावडर नाही, काडी नाही, तेल नाही. शेगडी लांब ठेवा. प्लास्टर घरी भिजवून काढून आणायला सांगितलं असेल, तर त्याच सकाळी काढा, आदल्या रात्री नको. एका रात्रीत पाऊल बरंच मागे जातं.

आता ज्यासाठी हे पत्र मी इतकं लांबवतेय ते. प्लास्टर डॉक्टरचं काम, बूट घरच्यांचं. आणि हा पाय परत वाकडा होतो तो बहुतेक वेळा बुटांमुळे नाही, बूट न घातल्यामुळे.

शेवटचं प्लास्टर निघालं की दोन बूट मिळतात, मधे दांडी, दोन्ही बूट बाहेर वळवलेले. पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास. अंघोळीला आणि मोकळ्या पायाने जरा खेळायला काढायचे, बस. त्यानंतर फक्त रात्री आणि दुपारच्या झोपेला, म्हणजे बारा-चौदा तास, आणि हे चार-पाच वर्षांचं होईपर्यंत. हो, वर्षं. पाऊल सरळ दिसतंय, पोरगं अंगणात पळतंय, आणि तरी रोज रात्री बूट. इथेच घरं ढिली पडतात. आखाजीला लेकीबाळी आल्या, आज राहू दे. कानबाईचे रोट आहेत, घरभर पाहुणे, कोण बांधत बसणार. जावळं काढायला गेलो, बूट घरीच राहिले. पाऊल अजून वाढतंय, आणि ज्या बंधांनी त्याला आधी ओढलं होतं ते अजून तिथेच आहेत. अशी दहापाच रात्रींची ढिलाई झाली की टाच पुन्हा वर ओढायला लागते आणि परत प्लास्टरची पाळी येते.

पहिल्या दोन रात्री बाळ रडणार. दोन्ही पाय एकत्र हलवायचे हे त्याला कळत नाही, म्हणून. दांडीला धरून दोन्ही गुडघे एकदम वाकवा, सरळ करा, खेळ करा. लवकर कळतं त्याला. सुती मोजे घाला, शिवण बाहेरच्या बाजूला. मधला पट्टा आधी आणि नीट आवळा, टाच बुटात खाली टेकली पाहिजे. टाच वर निसटत असेल तर पट्टा एक भोक पुढे घ्या, बूट काढून ठेवू नका. लाल वण दाबल्यावर गेला तर चिंता नाही, फोड आला तर दाखवा. रडलं म्हणून काढलं, की बाळाला कळतं रडल्यावर बूट निघतात. मग महिनाभर तुमचं काही चालत नाही.

तुमची सून दिवसा हे सगळं करेल हो. रात्री अकरा वाजता, लेकरू झोपेने किरकिरतंय, ती दमलीय, आणि घरातलं कोणीतरी म्हणतं, ‘आजच्या दिवस राहू दे बिचाऱ्याला’. ते म्हणणारं माणूस तुम्ही होऊ नका एवढंच माझं मागणं आहे. आजीने ठरवलं की घरात बूट चुकत नाहीत. आई एकटीने ठरवलं तर चुकतात.

आणि ग्रहणाचं. मावशी, पाऊल असं बनतं ते पोटातल्या चौथ्यापाचव्या महिन्याच्या आसपास, आणि का, ते बहुतेक बाळांमध्ये नेमकं सापडत नाही. घराण्यात थोडाफार कल असतो. विळीचा, चिरलेल्या भाजीचा, चंद्रसूर्याचा यात काहीच हात नाही. ग्रहणात चिरूनकापून चांगली धडधाकट पोरं झालेल्या किती बायका तुमच्याच गल्लीत निघतील, मोजून बघा. सटवाईच्या नावावर घालायचं तर घाला, पण सुनेच्या नावावर नको. तिला आई नाही, तुम्हीच लिहिलंय. शेजारच्या बाया पुढच्या वेळी तोंड उघडतील तेव्हा तिच्या वतीने तुम्ही बोला. रडणारी बाळंतीण दूधही नीट पाजू शकत नाही.

खुब्यांचं वर एका ओळीत लिहिलं, पण ते थोडं वेगळं सांगण्यासारखं आहे, कारण क्लबफूट डोळ्यांना दिसतो आणि सुटलेला खुबा दिसत नाही. पायाळू जन्मलेलं बाळ, पहिलटकरणीचं बाळ, मुलगी, किंवा घरात कोणाला हा त्रास असेल, तर खुबा सैल असण्याचा धोका जास्त. सुरुवातीच्या महिन्यांत सोनोग्राफीत कळतं, आणि सहा महिन्यांच्या आत पट्ट्यांच्या एका साध्या साजाने बहुतेक बाळांचा सांधा जागी बसतो. चालायला लागल्यावर लंगडतंय म्हणून आणलं तर ऑपरेशनवर येतं. इथे आपल्या सवयींपैकी एक चांगली, एक वाईट. बाळाला कडेवर घेतो, दोन्ही पाय कमरेला वेढून, ती उत्तम. पण दुपट्यात पाय सरळ ताणून गच्च वळकटी करतो, ती खुब्याला घातक. छातीला, हातांना गुंडाळा, कमरेखाली ढिलं ठेवा, गुडघे वाकवून बाहेर पडू द्या.

तुमच्या लेकीचा शहाद्याचा मुलगा. घराला दोष वगैरे काही नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन वर्षांपर्यंत बहुतेक सगळ्याच मुलांचे पाय गुडघ्यात थोडे बाहेर असतात. मग तीन-चारला उलटे होतात, गुडघे एकमेकांना घासतात, आणि सातपर्यंत सरळ होतात. त्यासाठी बूट नको, पट्टे नको, तेल नको. तरी लेकीला फोन करून चार गोष्टी विचारा. एकच पाय जास्त वाकलाय का? चालायला फार उशीर झाला का, दीड वर्षाच्याही पुढे? मनगटं जाड, बरगड्यांवर मण्यांसारख्या गाठी लागतात का? दोन वर्षांनंतरही वाकणं वाढतंच चाललंय का? यातलं एकही ‘हो’ असेल तर मुडदूस, म्हणजे ड जीवनसत्त्व कमी पडून हाडं मऊ होणं, आहे का बघायला हवं. मनगटाचा एक्स-रे आणि रक्ताची तपासणी, तेवढ्यात कळतं.

‘जळगाव-धुळ्याच्या उन्हात मुडदूस कसा?’ असं मला दर उन्हाळ्यात कोणीतरी विचारतं. ऊन बाहेर आहे, लेकरू आत आहे. बाळाला आपण मधल्या खोलीत, टोपडं-झबलं-मोजे घालून ठेवतो, आणि आईच्या दुधात सगळं असलं तरी ड जीवनसत्त्व जेमतेमच असतं. म्हणून बाळाला जन्मापासून वर्षभर रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्वाचे थेंब द्यायचे असतात. तुमच्या नातवालाही. बाटली नीट वाचा: एखाद्या कंपनीच्या एक मिलिलिटरमध्ये ४०० युनिट असतात, एखाद्याच्या ८००, तेव्हा किती द्यायचं ते डॉक्टरांकडून त्याच बाटलीवर लिहून घ्या. आणि कोणी सहा लाख युनिटचं इंजेक्शन पुन्हा पुन्हा द्यायला निघालं तर नाही म्हणा, ड जीवनसत्त्व जास्त झालं तर मूत्रपिंडाला मारतं.

शहादा म्हणजे सातपुड्याचा पायथा, म्हणून एक गोष्ट वेगळी. त्या पट्ट्यात सिकलसेल आहे, म्हणजे रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा, आईबापांकडून येणारा आजार. सहा महिने ते दोन वर्षांच्या लेकराचे दोन्ही हातांचे किंवा पायांचे पंजे अचानक सुजले, हात लावू देत नाही, तर ते मार लागल्याचं धरू नका, सिकलसेलची रक्ततपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. १ जुलै २०२३ पासून केंद्राची सिकलसेल निर्मूलनाची मोहीमच सुरू आहे. हा आजार आदिवासींपुरताच आहे असं समजून बाकीच्यांनी गाफील राहू नये.

वाचणाऱ्या सगळ्यांसाठी, कारण अशी पत्रं मला उशिराच येतात: हलतं पाऊल किंवा हात बाळाने एकाएकी हलवायचा थांबवला, लंगोट बदलताना किंचाळायला लागलं, तर ते ‘लचक’ नसतं. नव्या बाळाच्या सांध्यात पू झाला तरी ताप येईलच असं नाही. हा सांधा दिवसांत जातो. रात्र असली तरी मोठ्या दवाखान्यात न्या, चोळू नका. जन्मतःच एक हात लुळा पडून असेल तर तो वेगळा प्रकार, बराचसा आपोआप बरा होतो, पण पहिल्याच महिन्यात दाखवून ठेवा; तीन महिन्यांत कोपर वाकवता आलं नाही तर पुढचे उपाय असतात. मान एकीकडे कलती आणि बाजूला सुपारीएवढी गाठ असेल तर लवकर व्यायाम सुरू केल्यावर बहुतेकदा सुटते. आणि चालत्याबोलत्या मुलाचा पाय अचानक लुळा पडला, तर तेव्हाही त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात कळवायचं. भारत २०१४ मध्ये पोलिओमुक्त जाहीर झाला तरी पंधरा वर्षांखालच्या अशा प्रत्येक मुलाची शौचाची तपासणी आजही होते, आणि व्हायलाच हवी.

आता जायचं कसं आणि पैसे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला, त्याच्या जन्मजात दोषांच्या यादीत क्लबफूट आणि खुबा दोन्ही आहेत. यात उपचार मोफत आहे. आशाताई बाळाला बघायला घरी येतच असतील, पहिल्या सहा आठवड्यांत त्यांच्या फेऱ्या ठरलेल्या असतात. त्यांना चिठ्ठी लिहायला सांगा. जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, लोक त्याला डीईआयसी म्हणतात, तिथून हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवतात. एकच प्रश्न आधी फोनवर विचारून घ्या: ‘तुमच्याकडे पॉन्सेटीचं प्लास्टर कोणत्या वारी घालतात?’ वार ठरलेला असतो. बुटांचंही त्याच वेळी विचारा, बऱ्याच सरकारी क्लबफूट क्लिनिकमध्ये संस्थांच्या मदतीने ते फुकट मिळतात. बाळाचा पाय वाढेल तसे मोठे जोड लागणार, तेही मिळतात का ते विचारून ठेवा.

मुलाला सुरतेहून दर आठवड्याला बोलवायची गरज नाही, खाडे पडतील. पहिल्या प्लास्टरला आणि शीर सोडवायच्या दिवशी त्याला यायला सांगा. सुरत-भुसावळ गाडीने धरणगावला उतरला की झालं. बाकीच्या वेळी तुम्ही आणि सून. बूट घालायचं शिकवतील त्या दिवशी मात्र तोही हवा. दिवाळीला, आखाजीला आठ दिवस घरी आला की रात्रीचे बूट त्याने बांधायचे, आणि ते त्याला आधीपासून माहीत असलेलं बरं.

पिशवीत दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाचं कार्ड, दोन जास्तीची दुपटी, लंगोट, सुनेचा डबा आणि पाणी घ्या. बाळाच्या पावलांचा आज, प्लास्टरच्या आधी, मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा, समोरून आणि मागून. दर आठवड्याला प्लास्टर निघालं की तसाच अजून एक. पाय पुढे सरकतोय की अडकलाय ते त्यात कळतं, आणि अडकलेला दिसला तर डॉक्टरांना दाखवायला तोच उपयोगी पडतो.